टीव्ही लायसन्सचं पत्र आणि बीबीसीचं खरं दुखणं

प्रश्न असा आहे. विचारणाऱ्या ताई दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी पुण्याहून इंग्लंडमधल्या लेस्टरला गेल्या. घरात टीव्ही नाही, लॅपटॉप आहे. वर्षाला १७४.५० पौंड (२०२५-२६ चा दर) भरा, असं सांगणारं टीव्ही लायसन्सचं, म्हणजे ज्या फीवर बीबीसी चालते तिचं, तिसरं पत्र दारात येऊन पडलंय. ऑफिसातला एक जण म्हणतो, बीबीसी डाव्यांची आहे, पैसे उधळते, एक पेनी देऊ नका. दुसरी म्हणते, बीबीसी सरकारला घाबरते, पण फी भरा, कारण ती गेली तर याहून वाईट काहीतरी येईल. ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: आपल्याला हे पैसे भरावे लागतात का, आणि ही संस्था त्या पैशांच्या लायकीची आहे का?

उत्तर देण्याआधी माझी बाजू सांगून टाकतो. मी ११ वर्षं भारतात रेडिओचे कार्यक्रम केले आणि नंतर १९ वर्षं ब्रिटनमध्ये स्वतंत्र निर्मितीसंस्थांमध्ये काम केलं. त्यातले काही कार्यक्रम बीबीसीने विकत घेतले. म्हणजे या फीतले थोडे पैसे माझ्या घरातही आले आहेत. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

पहिला प्रश्न सोपा आहे. फी टीव्ही नावाच्या यंत्रावर नाही, पाहण्यावर आहे. कुठल्याही वाहिनीचं थेट प्रक्षेपण पाहत असाल तर लायसन्स लागतं, मग ती वाहिनी बीबीसीची नसली तरी आणि पडदा फोनचा असला तरी. बीबीसीच्या आयप्लेअरवर काहीही पाहायचं असेल, थेट किंवा मागाहून, तर १ सप्टेंबर २०१६ पासून तेही लायसन्समध्ये आलं. नेटफ्लिक्सवरचा सिनेमा, अ‍ॅपवर मालिकेचा कालचा भाग, यूट्यूबवरची रेसिपी यांना लागत नाही. रेडिओला तर १९७१ पासूनच लागत नाही. आपल्या मराठी घरांत घोळ होतो तो असा: मुंबईतल्या वृत्तवाहिनीवर निकालाच्या दिवशी मतमोजणी थेट लावून बसलात, किंवा भारत-इंग्लंड कसोटी चालू असताना पाहिलीत, तर ‘हे काही बीबीसी नाही’ म्हणून सुटका होत नाही. परदेशी वाहिनीचं थेट प्रक्षेपणही नियमात बसतं. यातलं काहीच तुम्ही करत नसाल तर फी लागू नाही, आणि तसं कळवण्याची सोय त्यांच्याच संकेतस्थळावर आहे.

पत्रांची भाषा दरडावणीची असते, हे खरं. नव्याने आलेला माणूस घाबरतो, व्हिसावर काही परिणाम होईल का म्हणून रात्रभर जागतो. दारावर येणारा अधिकारी पोलीस नसतो. तुमच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या वॉरंटशिवाय त्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नाही. मात्र लायसन्स लागत असताना न काढणं हा आजही फौजदारी गुन्हा आहे, दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो.

या फीतली मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट हीच आहे. दोषी ठरणाऱ्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त बायका असतात. बायका जास्त चुकवतात असं नाही. अधिकारी दुपारी येतो तेव्हा दार कोण उघडतं? लहान मूल कडेवर घेतलेली, अर्धवेळ काम करणारी, बऱ्याचदा एकटी राहणारी आई. जिने दार उघडलं तिचं नाव कागदावर चढतं. मग एकच न्यायाधीश, आरोपी समोर नसताना, कागदपत्रांवरून निकाल देतो. विजेचं बिल थकलं तर कुणाला गुन्हेगार ठरवत नाहीत. बातम्या आणि नाटकं दाखवणाऱ्या संस्थेने आपली वसुली या वाटेने चालू ठेवावी, याचं समर्थन मला गेल्या एकोणीस वर्षांत कुणी पटेल असं करून दाखवलेलं नाही.

आता दुसरा प्रश्न. त्यातही आधी पैसा.

१७४.५० पौंड म्हणजे दिवसाला ४८ पेन्स. त्यात अनेक टीव्ही वाहिन्या, राष्ट्रीय रेडिओ, इंग्लंडभरची स्थानिक रेडिओ केंद्रं, वेल्श आणि गेलिक भाषांतलं प्रसारण, वाद्यवृंद, बातम्यांचं संकेतस्थळ, शाळकरी मुलांसाठी अभ्यासाचं बाइटसाइझ, आणि बऱ्याच अंशी वर्ल्ड सर्व्हिस, म्हणजे परदेशांसाठीचं प्रसारण, एवढं येतं. जानेवारी २०२१ मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा बीबीसीने धडे टीव्हीवरून दाखवायला सुरुवात केली, कारण लाखो घरांत मुलांना इंटरनेट किंवा वेगळा लॅपटॉप नव्हता. धडे दाखवून जाहिराती मिळत नाहीत, म्हणून दुसऱ्या कुणाला त्या प्रमाणात ते करायची निकड नव्हती. माझ्या धंद्यातल्या माणसाला किंमत दिसते ती इथे. गाजलेल्या मालिका कुणीही काढेल. पहाटे पूर आला तेव्हा कुठला रस्ता बंद आहे हे सांगायला जागा असलेला निवेदक कोण ठेवेल, हा खरा प्रश्न आहे. आणि हेही सांगायला हवं की गेल्या काही वर्षांत बीबीसीने कात्री लावली तीही या स्थानिक रेडिओलाच. तो निर्णय मला चुकीचा वाटतो.

उधळपट्टीचा आरोप निघाला की पहिलं नाव येतं फुटबॉलचा कार्यक्रम सादर करणाऱ्या गॅरी लिनेकरचं. २०२५ मध्ये बीबीसी सोडण्याआधी वर्षाला साडेतेरा लाख पौंड! आकडा मोठा आहे. पण हिशेब करून पाहा: ब्रिटनमध्ये सुमारे २ कोटी ३८ लाख लायसन्सं आहेत, म्हणजे प्रत्येक घरामागे वर्षाला सहा पेन्सही पडत नाहीत. आता दुसरं उदाहरण घ्या. बीबीसीने कार्यक्रमांचं सगळं चित्रण फितींऐवजी संगणकावर हाताळण्यासाठी ‘डिजिटल मीडिया इनिशिएटिव्ह’ नावाचा प्रकल्प काढला होता. २०१३ मध्ये तो गुंडाळला, तेव्हा ९ कोटी ८४ लाख पौंड बुडाले होते. दर घरामागे जवळजवळ चार पौंड. लिनेकरच्या वार्षिक पगाराच्या सत्तरपट. त्यावर संसदेच्या समितीत झाडाझडती झाली, पण पबमध्ये त्यावरून भांडण झालेलं मी कधी पाहिलं नाही. ज्याचा चेहरा ओळखीचा त्याचा पगार डोळ्यात खुपतो. तांत्रिक विभागातला फसलेला प्रकल्प कुणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही.

पगार जाहीर करायची सक्ती मात्र फार उपयोगाची ठरली. जुलै २०१७ मध्ये दीड लाख पौंडांवरच्या मानकऱ्यांची यादी पहिल्यांदा बाहेर आली आणि वरच्या सगळ्या जागा पुरुषांच्या निघाल्या. चीनच्या संपादक कॅरी ग्रेसी यांनी जानेवारी २०१८ मध्ये ते पद सोडलं, कारण त्यांच्याच तोडीचं काम करणाऱ्या पुरुषांना जास्त पगार होता. २०२० मध्ये बीबीसीच्याच निवेदिका समीरा अहमद यांनी समान वेतनाचा खटला जिंकला. खासगी वाहिनीत हे उघडकीला आलं असतं का, याबद्दल मला दाट शंका आहे. लोकांचा पैसा आहे म्हणून लोकांना विचारता आलं.

आणि तिसरा आकडा, ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. २००० सालापासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना लायसन्स फुकट होतं. ते पैसे सरकार बीबीसीला भरून द्यायचं. २०१५ च्या जुलैमध्ये सरकारने ठरवलं की हा भार यापुढे बीबीसीने उचलावा. म्हणजे म्हाताऱ्यांना सवलत दिल्याचं पुण्य सरकारचं आणि खर्च दुसऱ्याचा. वड्याचं तेल वांग्यावर. पूर्ण सवलत चालू ठेवली असती तर वर्षाला सुमारे ७४ कोटी ५० लाख पौंड लागले असते, म्हणजे दर घरामागे तीस पौंडांच्या वर. बीबीसीला ते झेपणारं नव्हतं. ऑगस्ट २०२० पासून सवलत फक्त पेन्शन क्रेडिट मिळणाऱ्या गरीब वृद्धांपुरती उरली, आणि तीस लाखांहून जास्त घरांना नव्याने फी भरावी लागली. शिव्या कुणी खाल्ल्या? बीबीसीने.

सहा पेन्स, चार पौंड, तीस पौंड. राग नेमका उलट्या क्रमाने येतो.

पक्षपातावर जरा थांबून बोलावं लागेल, कारण इथे दोन्ही बाजू अर्धं खरं बोलतात.

बीबीसीतली मंडळी वर्षानुवर्षं एक युक्तिवाद करत आली आहेत: डावे आणि उजवे दोघेही आमच्यावर चिडतात, म्हणजे आम्ही मध्यावर आहोत. हा युक्तिवाद मी आमच्या बैठकांमध्येही ऐकला आणि प्रत्येक वेळी विरोध केला. एक जण म्हणतो दोन आणि दोन पाच, दुसरा म्हणतो सात, म्हणून सहा बरोबर होत नाहीत. प्रत्येक तक्रार तिच्या तिच्या पुराव्यावर तपासावी लागते.

तशी तपासली की काय दिसतं? २०२५ सालातली गाझाबद्दलची दोन उदाहरणं घ्या. फेब्रुवारीत बीबीसीने युद्धात अडकलेल्या मुलांवरचा माहितीपट दाखवला. त्याचा निवेदक असलेला मुलगा हमासच्या सरकारातल्या उपमंत्र्याचा मुलगा आहे, हे प्रेक्षकांना सांगितलंच नव्हतं. माहितीपट मागे घ्यावा लागला, आणि नियामक ऑफकॉमने तो प्रेक्षकांची दिशाभूल करणारा ठरवला. त्याच वर्षी गाझातल्या डॉक्टरांवरचा दुसरा माहितीपट बीबीसीने तयार करवून घेतला आणि निष्पक्षपातीपणाबद्दल शंका येईल या भीतीने दाखवला नाही. तो जुलैमध्ये चॅनल फोरने दाखवला. पहिल्यावरून इस्रायलचे पाठीराखे संतापले, दुसऱ्यावरून पॅलेस्टिनींचे. माझ्या मते दोन्ही राग रास्त होते आणि दोन्ही चुकांच्या मुळाशी कुठलीही विचारसरणी नव्हती. पहिल्यात तपासणी ढिली होती. दुसऱ्यात भीती होती. आणि पहिल्या चुकीनेच दुसरीतली भीती वाढवली.

ट्रम्प यांच्या भाषणाचंही तसंच. ६ जानेवारी २०२१ च्या भाषणातली जवळजवळ तासाभराच्या अंतराची दोन वाक्यं ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात सलग वाटावीत अशी जोडली गेली. मी संकलनाच्या टेबलावर आयुष्य काढलंय. वाक्यं आपण रोज कापतो, पण दोन तुकड्यांमधला सांधा प्रेक्षकाला कळला पाहिजे, ही या कामाची पहिली शिकवण. हा दोष अक्षम्य होता. पण मला त्याहून जास्त टोचलं ते पुढचं. कार्यक्रम ऑक्टोबर २०२४ चा, आणि जाहीर माफी आली ती एका माजी बाहेरच्या सल्लागाराचं अंतर्गत टिपण वर्तमानपत्रात फुटल्यावर, नोव्हेंबर २०२५ मध्ये. महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले. वर्षभर आधी चार ओळींची दुरुस्ती दिली असती तर हे टळलं असतं.

मग विश्वास कशावर ठेवायचा? मी एक जुनी सकाळ आठवतो. नोव्हेंबर २०१२, शनिवार. बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ या टीव्ही कार्यक्रमाने एका जुन्या राजकारण्याकडे बोट जाईल असा मुलांच्या लैंगिक छळाचा खोटा आरोप प्रसारित केला होता. महासंचालक जॉर्ज एंटविसल रेडिओ फोरच्या ‘टुडे’ कार्यक्रमात आले. समोर जॉन हम्फ्रीज, म्हणजे त्यांच्याच संस्थेचा नोकर. हम्फ्रीजने त्यांना एकेक प्रश्न असा विचारला की ऐकणाऱ्याला अवघडून यावं. तुम्हाला आधी कळलं नव्हतं? कुणी सांगितलं नाही? तुम्ही विचारलं नाही? त्याच रात्री एंटविसल यांनी राजीनामा दिला. पदावर फक्त ५४ दिवस झाले होते. मी जगातल्या बऱ्याच वाहिन्या पाहिल्या आहेत, पण नोकराने मालकाला थेट प्रक्षेपणात असं उभं केलेलं दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. संस्थेने चुका केल्या का, यापेक्षा ती स्वतःची बातमी किती निर्दयपणे देते, हे मी पाहतो. त्या कसोटीला बीबीसी बहुतेकदा उतरते. नेहमी नाही. बीबीसीचा गाजलेला निवेदक जिमी सॅव्हिल याने बीबीसीच्याच आवारात केलेले अत्याचार त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्या वाहिनीने बाहेर काढले, आणि राजकुमारी डायना यांची १९९५ ची मुलाखत बीबीसीचा पत्रकार मार्टिन बशीरने बनावट कागदपत्रं दाखवून मिळवली होती हे अधिकृतपणे मान्य व्हायला २०२१ उजाडलं.

एक पूर्वग्रह मात्र मला स्वतःला कायम जाणवत आला आहे आणि त्याची चर्चा डाव्या-उजव्याच्या भांडणात हरवते. तो लंडनचा आणि वर्गाचा आहे. बैठकीतल्या बारा जणांपैकी नऊ जण ठरावीक विद्यापीठांतले, ठरावीक वस्त्यांत राहणारे. ब्रेक्झिटच्या वेळी सगळ्यांनाच निकालाचा धक्का बसला, याचं कारण हेच. लंडनपासून दूर, इंग्लंडमधल्याच सँडरलंडला किंवा बॉस्टनला राहणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय हे कुणाच्या कानावर रोज पडतच नव्हतं. खोटं कुणी बोलत नव्हतं. नेमके कुठले प्रश्न विचारायचे, हे सुचत नव्हतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मला सांगायचंय ते एवढंच आहे: बीबीसीचं खरं दुखणं किमतीत नाही आणि एखाद्या पक्षाकडे झुकण्यातही नाही. फी लोक भरतात, पण फीचा आकडा सरकार ठरवतं, आणि तेही बंद दाराआड.

ऑक्टोबर २०१० मध्ये फी १४५.५० पौंडांवर गोठवली गेली. ही वाटाघाट काही दिवसांत उरकली होती. त्याच झटक्यात वर्ल्ड सर्व्हिस, वेल्श वाहिनी एस-फोर-सी आणि खेड्यांतल्या ब्रॉडबँडचा खर्चही फीवर टाकला. ती गोठण २०१७ पर्यंत टिकली. २०२२ मध्ये पुन्हा दोन वर्षं गोठवली. २०२४ मध्ये महागाईनुसार वाढ द्यायचं ठरलं होतं. ठरलेल्या पद्धतीने ती ९ टक्के झाली असती. आयत्या वेळी मोजण्याची पद्धतच बदलली आणि ६.७ टक्के दिली. सरकारला महागाईने गांजलेल्या लोकांची काळजी असेल, ते मी नाकारत नाही. पण ज्या संस्थेने तुमच्या कारभाराची बातमी द्यायची तिच्या वर्षाच्या उत्पन्नाची नळी तुमच्या हातात असेल, तर तुम्हाला फोन करून काही सांगावंच लागत नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि कधी कधी बंदही होतं.

याची सुरुवात फार जुनी आहे. पहिलं रेडिओ लायसन्स नोव्हेंबर १९२२ चं, दहा शिलिंगांचं. मे १९२६ च्या सार्वत्रिक संपात चर्चिल बीबीसी ताब्यात घ्यायला निघाले होते. पंतप्रधान बाल्डविन यांनी ते होऊ दिलं नाही. पण मजूर पक्षाचे नेते रॅम्से मॅकडोनल्ड यांना संपाच्या काळात बोलू दिलं नाही. तेव्हाचे प्रमुख जॉन रीथ यांनी डायरीत लिहून ठेवलं की आपण खऱ्या अर्थाने निष्पक्ष राहणार नाही, याची सरकारला खात्री आहे. शंभर वर्षं होत आली. आजही चौदा जणांच्या मंडळावर अध्यक्ष आणि चार सदस्य सरकारच्या शिफारशीने येतात. रिचर्ड शार्प अध्यक्ष होते, त्यांना २०२३ मध्ये जावं लागलं, कारण पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्या आठ लाख पौंडांच्या कर्जाच्या प्रकरणातला आपला सहभाग त्यांनी नेमणुकीच्या वेळी पुरता उघड केला नव्हता. संपादकीय निर्णय अध्यक्ष घेत नाही, हे मान्य. पण महासंचालकाला नेमणारं मंडळ त्याच्याच अध्यक्षतेखाली असतं.

या टप्प्यावर मला सांगलीतलं आमचं घर आठवतं. वडिलांकडे रेडिओ लायसन्सची पुस्तिका होती. दरवर्षी पोस्टात जायचं, फी भरायची, तिकीट चिकटवून शिक्का मारून आणायचा. वडील ती पुस्तिका रेशन कार्डाच्या जोडीला ठेवत. आणीबाणीत मी चौदा वर्षांचा होतो. आकाशवाणी लागायची ती भक्तिसंगीत आणि हवामानासाठी. बातम्यांसाठी संध्याकाळी खिडकी लोटून घेऊन शॉर्टवेव्हवर बीबीसीची हिंदी सेवा लागायची. बीबीसीचे दिल्लीतले मार्क टली यांना तेव्हा देशाबाहेर जावं लागलं होतं. लायसन्स आमच्या रेडिओचं आणि खरी बातमी दुसऱ्याच्या रेडिओवर, असं का, हे मी वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, पोस्टात भरलेला पैसा दिल्लीला जातो, रेडिओला जात नाही.

हेच वाक्य मला पुढे कामाला आलं. भारतात १९८० च्या दशकात रेडिओ-टीव्हीची लायसन्सं रद्द झाली. सगळ्यांना आनंद झाला, आम्हालाही. पण श्रोत्याने दिलेला पैसा आणि प्रसारण यांच्यातला तो बारीक धागाही गेला. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अमलात आला १९९७ मध्ये. त्याआधी फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला. तो देणाऱ्या न्यायमूर्तींत आपले पी. बी. सावंत होते. तत्त्व इतकं स्वच्छ सांगूनही प्रसार भारतीच्या पगाराचा आणि पेन्शनचा मोठा भाग सरकारी अनुदानातूनच येत राहिला. मंत्री चांगला असो वा वाईट, अनुदानावर जगणाऱ्या संस्थेला स्वायत्तता कागदावरच मिळते. म्हणून ब्रिटनमधली माणसं ‘फी रद्द करा आणि करातून द्या’ म्हणतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. आम्ही ते करून पाहिलंय.

मराठीचा आणि बीबीसीचा संबंध जुना आहे, तोही इथेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, बीबीसीने मराठीत प्रसारण सुरू केलं, ते १९५८ पर्यंत चाललं. त्या काळात कोल्हापूरकडच्या वेणू चितळे बीबीसीच्या लंडनमधल्या पौर्वात्य विभागात लेखक जॉर्ज ऑरवेल यांच्यासोबत काम करत होत्या. आजची बीबीसी मराठी ऑक्टोबर २०१७ मध्ये, ब्रिटिश सरकारने वर्ल्ड सर्व्हिसला दिलेल्या खास निधीतून सुरू झाली. परदेशी भांडवलाच्या २६ टक्क्यांच्या मर्यादेमुळे २०२४ पासून तिचं काम ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ ही भारतीय कंपनी करते. साताऱ्यातला वाचक ती बातमी फुकट वाचतो, तेव्हा तिच्यामागे थोडा पैसा ब्रिटिश तिजोरीचा असतो आणि थोडा तुमच्यासारख्या लेस्टरच्या भाडेकरूचा. ब्रिटनने हे केवळ धर्मादाय म्हणून केलेलं नाही, देशाचं वजन वाढावं म्हणून केलं आहे, हे विसरू नये. पण २०२३ च्या जानेवारीत बीबीसीचा पंतप्रधान मोदींवरचा माहितीपट भारतात रोखला गेला, आणि फेब्रुवारीत दिल्ली-मुंबईच्या कार्यालयांत प्राप्तिकर खात्याचं सर्वेक्षण तीन दिवस चाललं, तेव्हा त्या सर्वेक्षणाची बातमी बीबीसी मराठीनेही मराठीतच दिली. माहितीपटाबद्दल मतभेद असू शकतात. स्वतःच्या दारात अधिकारी उभे असताना बातमी देणं, हे मात्र कामाला धरून होतं.

पर्याय काय आहेत? जाहिराती घ्या, असं सांगणारे बरेच आहेत. १९८६ मध्ये थॅचर यांनीच नेमलेल्या पीकॉक समितीने ते नाकारलं, कारण त्याच जाहिरातींवर आयटीव्ही ही खासगी वाहिनी जगते. एकाच भाकरीत दोघांना बसवलं तर दोघंही उपाशी राहतात. वर्गणी? फ्रीव्ह्यूवरून, म्हणजे अँटेनावर फुकट मिळणाऱ्या वाहिन्यांवरून, टीव्ही पाहणाऱ्या लाखो घरांतल्या संचांना कुलूप घालायची सोय नाही, आणि रेडिओला तर कुलूप घालताच येत नाही. शिवाय वर्गणीदारांनाच जे आवडेल तेच करावं लागेल, आणि ऐंशी वर्षांच्या बाईला पुराची सूचना हे कुणाच्याच आवडीच्या यादीत नसतं. फ्रान्सने २०२२ मध्ये १३८ युरोंची फी काढून टाकली आणि मूल्यवर्धित करातला हिस्सा दिला. लोकांचे पैसे वाचले, पण आता दर अर्थसंकल्पात त्यांच्या प्रसारकांना हात पसरावे लागतात.

मला जर्मनीची वाट बरी वाटते. २०१३ पासून तिथे टीव्ही आहे की नाही हे कुणी विचारत नाही, प्रत्येक घर महिन्याला ठरावीक रक्कम भरतं, सध्या १८.३६ युरो. दारावर कुणी येत नाही. मुख्य म्हणजे किती हवेत हे एक स्वतंत्र आयोग मोजून सांगतो. २०२० च्या अखेरीला एका राज्याने ८६ सेंटची वाढ अडवली तेव्हा २०२१ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने ती लागू केली. आकडा ब्रिटनमधल्यापेक्षा जास्त आहे. पण तो ठरवताना मंत्री दार लावून घेत नाही. ब्रिटनने यात उत्पन्नानुसार फरक घालावा, जसा फिनलंडमध्ये कर आहे, आणि फौजदारी कलम पहिल्या दिवशी काढून टाकावं.

हे बोलायला आत्ताची वेळ योग्य आहे, कारण बीबीसीचा सध्याचा चार्टर, म्हणजे ती कशी चालावी हे ठरवणारी सनद, ३१ डिसेंबर २०२७ ला संपतो. दरम्यान पायाखालची वाळू सरकतेच आहे: लायसन्सधारक दरवर्षी लाखोंनी घटतात, आणि ज्यांना फी लागू आहे अशा घरांपैकी सुमारे आठातलं एक ती भरत नाही. नव्या चार्टरवर जनतेची मतं मागवली जातात. तुम्ही तिथे राहता, कर भरता, तुमचं मत नोंदवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. लिनेकरच्या पगारावर लिहू नका. फी कोण ठरवणार आणि अध्यक्ष कोण नेमणार, यावर लिहा.

आणि एखादी बातमी खरोखर एकांगी वाटली तर सहकाऱ्यांशी भांडत बसण्यापेक्षा तक्रार करा. प्रसारणापासून कामकाजाच्या तीस दिवसांच्या आत करायची असते. कार्यक्रमाचं नाव, तारीख, नेमकं वाक्य आणि ते का चूक आहे, एवढं लिहा. पहिलं उत्तर बहुधा छापील येतं. तिथे थांबू नका, पुढच्या पायरीवर न्या, आणि तिथेही समाधान झालं नाही तर २०१७ पासून ऑफकॉमकडे जाता येतं. मी दोन तक्रारी शेवटपर्यंत नेल्या आहेत. एक मान्य झाली, एक नाही.

राहिलं ते पत्र. गेल्या काही महिन्यांत लॅपटॉपवर काय काय पाहिलंत ते आज संध्याकाळी शांतपणे आठवा. त्यात आयप्लेअर किंवा कुठलंही थेट प्रक्षेपण असेल तर फी भरा. महिन्याच्या हप्त्यांची सोय आहे, २०२५-२६ च्या दराने साधारण साडेचौदा पौंड पडतात. नसेल तर ‘लायसन्सची गरज नाही’ अशी नोंद करा आणि त्या पानाची प्रत जपून ठेवा. पत्रं थांबली तरी ही नोंद कायमची नसते, मुदत संपली की पुन्हा करावी लागते. आणि पुढे भारताची कसोटी थेट पाहायचा मोह झाला, तर आधी लायसन्स घ्या आणि मग सामना लावा.